आधीचे ओरखडे

बाबांनी कॅमेरा कानाशी धरला आणि हळूच हलवला. आत काहीतरी बारीक खुळखुळलं.

"काहीतरी सुटं आहे यात," ते म्हणाले.

दुकानदारानं चष्मा काढून काउंटरवर ठेवला. या बापलेकीला तो आता चांगलंच ओळखत होता. सुटं काही नाही, त्यानं समजावलं; हात थरथरला तरी फोटो हलू नये म्हणून आतलं एक भिंग मुद्दामच तरंगतं ठेवलेलं असतं, आणि कॅमेरा बंद असला की ते असं वाजतं. बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कॅमेरा काचेवर परत ठेवला.

"म्हणजे सुटंच आहे."

चिमीनं त्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, काळा, मुठीत बसेलसा. बटण तर्जनी जिथं आपोआप टेकते तिथंच होतं. याआधीचे कॅमेरेही वाईट नव्हते. एकाचं भिंग चालू केल्यावर पुढं सरकत होतं, तर त्या फटीत वाळूचा एक कण गेला की संपलं, असं बाबांचं मत पडलं. दुसरा पाण्यात चालणारा होता, त्याला पुढं येणारं भिंगच नव्हतं. पण त्याच्या झाकणातलं रबर कधी ना कधी कडक होणार. तिसऱ्याचा मागचा, फोटो दिसणारा पडदा उघडा होता. पडदा उघडा नसलेला कॅमेरा जगात कुठं असतो, हे दुकानदारानं विचारलं होतं, आणि बाबांनी त्यावर, तेच तर, असं म्हटलं होतं.

"बघू अजून," बाबा म्हणाले. "घाई काय आहे?"

घाई होती. सोमवारी चिमीला कामावर रुजू व्हायचं होतं. काम होतं जुने पूल तपासणाऱ्या एका पथकात, दूरच्या गावी. पुलाखाली शिडीवर उभं राहायचं आणि कमानीतल्या भेगांचे फोटो काढायचे. एक हात शिडीला लागतो, म्हणून कॅमेरा एका हातात मावणारा हवा, आणि तो ज्याचा त्यानं आणायचा. मोबाइल चालणार नाही असं त्यांनी आधीच कळवलं होतं. हातमोजा घालून बटण दाबता आलं पाहिजे आणि लांबची भेग जवळ ओढता आली पाहिजे. बातमी सांगितली त्या दिवशी बाबा अजिबात चिडले नाहीत. चांगला कॅमेरा मिळू दे, मग खुशाल जा, एवढंच म्हणाले. मी कुठं नाही म्हणतोय?

तिथंच तर घोडं अडलं होतं. नाही म्हणणाऱ्याशी भांडता येतं.

बाबा विमा कंपनीचे सर्व्हेअर होते. उभा जन्म त्यांनी मोडलेल्या वस्तू पाहण्यात घालवला होता: उलटलेल्या ट्रकमधले पंप, पाणी शिरलेल्या खोक्यांतली शिलाई यंत्रं, पोचे आलेली कपाटं. ज्या माणसानं एवढं फुटलेलं पाहिलं त्याला धड वस्तूतसुद्धा फुटण्याची जागाच आधी दिसते. घरातल्या रिमोटला प्लॅस्टिक होतं, फ्रिजच्या मुठीला कापड होतं, टेबलाच्या चारही कोपऱ्यांना रबर होतं. या सोफ्याचा खरा रंग कुठला हे मला विचारू नका, आई पाहुण्यांना सांगायची, आमची तेवढी ओळख नाही.

कॉलेज संपल्यापासून चिमी घरी बसून त्यांचे अहवाल टाइप करत होती. बाबा येरझारा घालत सांगायचे, ती टाइप करायची. त्यातला एक भाग तिला झोपेतही म्हणता आला असता. कुठलंही यंत्र कारखान्यातून निघण्याआधी त्याचे फोटो काढायचे: समोरून, उजवीकडून, मागून, डावीकडून. शेवटी आधीचे ओरखडे जवळून, म्हणजे वाटेत काही झालं तर नवं कुठलं आणि जुनं कुठलं यावरून वाद नको. फोटोंखाली एकच ओळ असायची: निघताना माल धड होता. गोदामातच राहणाऱ्या मालाचे फोटो कोणी काढत नाही. ते वाक्य टाइप करताना चिमीला अलीकडे गोदामातल्या मालाबद्दल फार आपुलकी वाटू लागली होती.

दुकानातून परत येताना बाबा नेहमीसारखे रस्त्याच्या बाजूनं चालले आणि ती भिंतीच्या बाजूनं. जिन्यात त्यांनी दिवा लावला, भरदुपारी.

घरी आल्यावर चिमी सरळ बाल्कनीत जाऊन उभी राहिली. तिथं भिंतीवर दोन हुकांना तिची सायकल टांगलेली होती, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सुतळीनं बांधून. ती शाळेत असताना बाबा त्या सायकलीमागं कॅरियर धरून पळत असत. एका संध्याकाळी उतारावर ती ओरडली होती, सोडा बाबा, सोडा आता. त्यांनी सोडलं. पुढं गटाराच्या जाळीत चाक अडकलं आणि डाव्या कोपराचं हाड मोडलं. हाड जुळलं, कोपराखाली एक पांढरी वाकडी रेघ तेवढी राहिली. ती रेघ दिसली की बाबा बोलता बोलता गप्प होत, म्हणून चिमीला पूर्ण बाह्यांची सवय लागली. सायकल दुरुस्त होऊन भिंतीवर चढली आणि त्यानंतर तिला एकही ओरखडा आला नाही.

आई वाळलेले कपडे काढायला आली. दोरीवरचे चिमटे काढत तिनं विचारलं, "आज काय निघालं?"

"आतलं भिंग खुळखुळतं."

आईनं एक चिमटा तोंडात धरला होता. तो काढून ती म्हणाली, "त्यांना कॅमेरा मिळत नाहीये असं नाही, चिमे. त्यांना मिळायला नकोय."

"मला कळत नाही का ते?"

"मग कळूनही त्यांच्याबरोबर दुकानात काय जातेस? वरात काढल्यासारखी."

चिमीनं दोरीवरचा एक चिमटा काढून आईच्या हातात दिला. तिला कोंडल्यासारखं होत होतं आणि कुलूप कुठं दिसत नव्हतं. या घरात कोणी तिच्यावर कधी आवाजसुद्धा चढवला नव्हता. राग यावा असं काहीच नव्हतं, आणि तरी रात्रंदिवस तो येत होता.

दुसऱ्या दिवशी बाबा एका पाहणीला गेले असताना ती एकटीच दुकानात गेली. दुकानदारानं तिच्यामागं दाराकडं पाहिलं.

"आज वडील नाहीत?"

"नाहीत. तो खुळखुळणारा द्या."

त्यानं तो काढून काउंटरवर ठेवला. खोकं बांधून देताना तो म्हणाला की तुमच्या वडिलांसारखं गिऱ्हाईक त्यानं पाहिलेलं नाही, एवढं तर कॅमेरा बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हे कौतुक होतं की सुटका, ते तिला कळलं नाही.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा कॅमेरा टेबलावर होता. चिमीनं भांडणाची सगळी तयारी केली होती, वाक्यं मनात ओळीनं लावून ठेवली होती. बाबांनी हातपाय धुतले, टॉवेलनं बोटं एकेक करून पुसली, आणि कॅमेरा उचलून कानाशी धरला.

"तोच आणलास."

"हो."

"बरं." त्यांनी तो खोक्यात परत घातला. "माझ्याकडं राहू दे दोन दिवस. नव्या वस्तूत खोट असेल तर ती सुरुवातीलाच दिसते."

झालं. ओळीनं लावलेली वाक्यं तशीच राहिली. बाबांनी कॅमेरा आपल्या खोलीत नेला आणि त्यांच्या लोखंडी कपाटाचं दार वाजलं. किल्ली फिरल्याचा आवाज चिमीनं टेबलापाशी उभं राहून ऐकला. आई भाजी चिरत होती, ती थांबली, मग पुन्हा चिरू लागली.

रविवारी दुपारभर बाबांच्या खोलीचं दार बंद होतं. आतून चिकटपट्टी ओढल्याचा चरचर आवाज येई, मग कटरचा, मग बराच वेळ काहीच नाही. मध्ये एकदा त्यांनी दार किलकिलं करून, बुटांच्या खोक्यात येतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या घरात कुठं आहेत का, असं विचारलं. आईनं त्या आणून दिल्या. पुड्या आत गेल्या आणि दार लागलं. चिमी बॅगेत कपडे भरत होती. चिकटपट्टीचा प्रत्येक आवाज तिला ऐकू येत होता. आता त्याला असं गुंडाळतील, तिच्या मनात आलं, की कॅमेरा तेवढा भिंतीवर टांगायचा बाकी राहील. काढलेला सदरा तिनं परत बॅगेत कोंबला. कॅमेरा मिळो न मिळो, सकाळची बस चुकवायची नाही, असं तिनं ठरवलं. कॅमेऱ्याशिवाय ते लोक रुजू करून घेतील का, हे तिनं मनात येऊ दिलं नाही.

सकाळी ती बूट घालून बाहेरच्या खोलीत उभी राहिली. बॅग दारापाशी होती. आईनं पाण्याची बाटली दिली, उगाचच तिच्या सदऱ्याची कॉलर नीट केली आणि बंद खोलीकडं पाहिलं.

"बाबा," चिमी म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "कॅमेरा."

दार उघडलं. बाबा पाहणीला जातानाचे कपडे घालून बाहेर आले, खिशाला पेन लावून. एका हातात खोकं होतं, जेवणाच्या डब्याएवढं. त्यात करडा फोम कॅमेऱ्याच्या मापानं कापलेला होता, जादा बॅटरीसाठी खाच, पुड्यांसाठी कप्पा, झाकणाला रबर.

"नाकापेक्षा मोती जड," आई पुटपुटली.

कॅमेरा मात्र खोक्यात नव्हता. तो बाबांच्या उजव्या हातात होता आणि त्याचा पट्टा त्यांच्या मनगटाभोवती आवळलेला होता. चिमीनं हात पुढं केला. बाबांनी दिला नाही.

"आधी पट्टा, मग बटण," ते म्हणाले. "वाळूत खोकं उघडायचं नाही. भिंगावर तोंडानं फुंकायचं नाही, थुंकी उडते. गार खोलीतून दमट हवेत नेताना आधी पिशवीत घालून ठेव, नाहीतर आत वाफ धरते."

"हो."

"शिडीवर असताना पडला तर पडू दे. पकडायला जाऊ नकोस."

"हो, बाबा. माझी बस."

"भिंतीपाशी उभी राहा."

"बाबा, खरंच उशीर होतोय."

"तिथं उजेड आहे. उभी राहा."

शेवटच्या घटकेलाही काही ना काही निघणारच, हे तिला ठाऊक होतं. ती रागानंच भिंतीला पाठ लावून उभी राहिली. बाबांनी कॅमेरा चालू केला, पडदा उजळला, बटणाचा आवाज झाला. चालतोय का ते बघत असतील. मग त्यांनी डाव्या हाताचं बोट हवेत थोडंसं फिरवलं, गोदामात हमालांना खोकं वळवायला सांगताना फिरवतात तसं.

चिमी वळली. बटणाचा आवाज झाला. ती पुन्हा वळली, न सांगता, आणि आता तिच्यासमोर नुसती भिंत होती. पाठीमागं तिसऱ्यांदा बटण वाजलं तेव्हा तिला ते कळलं. समोरून, उजवीकडून, मागून. भिंतीकडं तोंड होतं हे बरं झालं. चौथ्या फोटोसाठी वळताना तिनं बाहीनं डोळे पुसले आणि बाबांनी तेवढा वेळ वाट पाहिली.

"बाही वर कर," ते म्हणाले.

कुठली, ते तिनं विचारलं नाही. डाव्या हाताचं बटण काढून तिनं बाही कोपराच्या वर सरकवली. बाबा जवळ आले. जवळचं टिपायचं फुलाच्या चित्राचं बटण त्यांनी दाबलं, वाकले, आणि पडद्यातून त्या पांढऱ्या रेघेकडं पाहू लागले. इतकी वर्षं ज्यावरून त्यांची नजर निसटायची त्या जागी ती आता स्थिर होती. हात मात्र थरथरत होता. तो त्यांनी दुसऱ्या हातानं धरला, तरी थरथरायचा थांबला नाही. तशातच बटण वाजलं.

त्यांनी पडदा डोळ्यांजवळ नेला. रेघ स्वच्छ आली होती, टाक्यांच्या खुणांसकट.

"हलला नाही," ते म्हणाले.

"आतलं ते भिंग," चिमी म्हणाली. "सुटं असतं ना."

"हं." त्यांनी कॅमेरा बंद केला. आत बारीक खुळखुळलं. "जुनं आहे ते. नोंद असलेली बरी."

आईनं बॅग उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली आणि ती आत आलीच नाही, जिन्यात उभी राहिली. बाबांनी कॅमेरा धरलेला हात पुढं केला. पट्टा अजून मनगटात तसाच होता, आवळून बसलेला. चिमीनं कॅमेऱ्याखाली आपला तळहात धरला. आता सोडा, असं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती काही बोलली नाही. तशीच उभी राहिली, बस निघून गेली तरी चालेल अशी.

बाबांनी दुसऱ्या हातानं पट्टा आवळणारा मणी मागं सरकवला.