ताईचा झाडू

“ऊठ गं तिथून, मला बसू दे,” असं म्हणत ताईने त्या मुलीला खुर्चीवरून उठवलं. मुलगी संशोधन करणारी, हुशार, पण पायथन या प्रोग्रामच्या भाषेशी झटून झटून रडकुंडीला आली होती. प्रोग्राम सुरू केला की पहिल्याच ओळीला इम्पोर्ट एरर, म्हणजे लागणारं तयार पॅकेज उघडत नाही अशी तक्रार. एका पॅकेजला सोबतीला तिसऱ्याचं जुनं व्हर्जन हवं, दुसऱ्याला नवं, आणि दोन्ही एका घरात नांदायला तयार नाहीत. मुलीने इंटरनेटवर वाचून त्यावर इतकी ठिगळं लावली होती की मूळ कापड कुठलं तेच कळेना.

ताई ठिगळं उसवत बसली नाही. इन्स्टॉल केलेली पॅकेजं ज्या फोल्डरात होती, तो अख्खा फोल्डरच तिने पुसून टाकला.

“अहो ताई, त्यात माझं काही गेलं तर?”

“तुझं लिखाण बाहेर आहे. आतलं सगळं बाजारातलं. बाजारातलं परत आणता येतं,” ताई म्हणाली आणि पॅकेजं नव्याने उतरवायला लावली. चहा पिऊन होईपर्यंत प्रोग्राम निमूट चालायला लागला होता.

विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये ताईची सगळी नोकरी याच एका उपायावर निभावली होती. त्याला नावच पडलं होतं, ताईचा झाडू. कुणाचं अडलं की लोक म्हणायचे, ताईला बोलवा, झाडू मारून देईल. हुद्दा साधा तंत्रसहायकाचा, पण झाडूचा मान मोठा होता, आणि खरं सांगायचं तर ताईला त्याचा थोडा तोराही होता. त्या दिवशी मात्र ती मान घ्यायला थांबली नाही. घरचं कॉम्प्युटरचं मशीनही सकाळपासून अडून बसलं होतं.

घरी अण्णा होते, तिचे वडील. अर्धांगाच्या झटक्याने त्यांचा उजवा हात गेला आणि बोलणंही गेलं. म्हणजे आवाज होता, पण शब्द फुटत नव्हते. एक जाड, ओला आवाज निघायचा आणि त्यात पाणी काय नि खिडकी काय, ऐकणाऱ्याला सारखंच. यावर तोड काढली ती ताईच्या भावाने. त्याला सगळं घर धाकटाच म्हणायचं. बोलणं ओळखणारं एक तयार पॅकेज त्याने घेतलं आणि त्याला अण्णांचं बोलणं शिकवायला घेतलं. रोज तो त्यांच्यासमोर बसायचा. अण्णा काहीतरी बोलायचे, मग तेच डाव्या हाताने पाटीवर वेडंवाकडं लिहायचे, आणि धाकटा त्या आवाजाची नि त्या शब्दाची गाठ मारून ठेवायचा. हळूहळू मशीनला समजायला लागलं. अण्णा बोलत आणि पडद्यावर शब्द उमटत. पहिलं अख्खं वाक्य उमटलं ते ताईच्या अळणी स्वयंपाकाबद्दल होतं, आणि ते वाचून ती हसता हसता रडली होती.

मग धाकटा गेला. रस्त्यावर, एका साध्या वळणावर, कुणाची काही चूक नसताना. पाठोपाठ अण्णांना आणखी एक बारीक झटका आला. आवाज तसाच राहिला, पण डावा हात पाटी धरेनासा झाला आणि वाचणंही गेलं. पडद्यावर उमटलेलं ताई मोठ्याने वाचून दाखवायची. धाकट्याबद्दल अण्णा जे काही बोलले ते असं, संध्याकाळी, त्याच्याच मशीनकडे तोंड करून. ताईला वाटायचं, भाऊ अजून घरात कुठेतरी दुभाष्याचं काम करतो आहे.

त्या सकाळी मशीनने आपणहून स्वतःला अद्ययावत करून घेतलं. पायथन नवं आलं, जुन्या पॅकेजांनी तोंड फिरवलं, आणि धाकट्याचा प्रोग्राम उघडेना. अण्णा तिला काहीतरी सांगत होते. तेच दोन-तीन आवाज, पुन्हा पुन्हा. संध्याकाळी नीट करते, मग सांगा, असं म्हणून ती शेजारच्या काकूंना त्यांच्याकडे लक्ष द्यायला सांगून कामावर गेली होती.

आता ती मशीनपुढे बसली. अण्णा चाकाच्या खुर्चीत तिच्या शेजारी. एरर ओळखीची, हात सवयीचा. तिने फोल्डर पुसला आणि पॅकेजं नव्याने उतरवली.

“झालंच बघा अण्णा,” ती म्हणाली.

प्रोग्राम पहिल्याच ओळीला थांबला. एरर या वेळी वेगळी होती. पॅकेज सापडलं, पण त्यात ‘अण्णा’ नावाचं काही नाही, असं मशीन म्हणत होतं.

ताईने ती ओळ दोनदा वाचली, मग धाकट्याचा प्रोग्राम उघडून बघितला. धाकट्याने स्वतःचं लिखाण बाहेर ठेवलंच नव्हतं. बाजारातल्या पॅकेजच्या पोटातच त्याने ‘अण्णा’ नावाची फाइल घुसवली होती. गोळा केलेले आवाज, मारलेल्या गाठी, सगळं तिथेच. घाईत जिथे हात जाईल तिथे वस्तू ठेवायची त्याची लहानपणापासूनची खोड. बाहेर उरली होती फक्त ‘अण्णा’ला हाक मारणारी फाइल. असं कधी करू नये, हे ताई लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी बजावायची. आपल्या भावाला मात्र तिने कधी विचारलं नव्हतं.

तिने वहिनीला, धाकट्याच्या बायकोला, फोन केला. हा प्रोग्राम त्याने आधी ज्यावर लिहिला, तो जुना लॅपटॉप तिच्याकडे होता.

“तो तुम्हीच पुसून दिलात ना, ताई,” वहिनी म्हणाली. “मला कामाला हवा होता तेव्हा. त्याचं सगळं डिस्कवर काढून ठेवलंय म्हणालात.”

काढून ठेवलं होतंच. ताईने कपाटातून डिस्क आणून लावली. फोटो होते, कागदपत्रं होती, त्याचे प्रोग्राम होते. इन्स्टॉल केलेल्या पॅकेजांचे फोल्डर तेवढे तिने वगळले होते. ते जड असतात, आणि परत आणता येतात.

दुसऱ्या दिवशी ती अण्णांना काकूंवर सोपवून, मशीन उचलून लॅबमधल्या हार्डवेअरवाल्याकडे घेऊन गेली. तोंडाचा फटकळ माणूस, पण त्या दिवशी त्याने एकही टोमणा मारला नाही. बराच वेळ खपल्यावर त्याने चष्मा काढून ठेवला.

“जुन्या पद्धतीची डिस्क असती तर खरवडून काहीतरी काढलं असतं. ही पुसलं की आतून स्वतःच धुऊन घेते.”

“काहीच नाही?”

“तुला खोटं कशाला सांगू, ताई.”

कालची ती मुलगी हे ऐकत उभी होती. ती म्हणाली, मी येते मदतीला, पुन्हा शिकवू मशीनला. ताईने तिला समजावून सांगितलं, की आवाज भरता येतील, पण कुठला आवाज म्हणजे कुठला शब्द हे सांगणारा हात राहिला नाही. आणि अमुक शब्द म्हणा असं सांगितलं तर अण्णांची जीभ अडकते. स्वतःच्या मनात आलं तरच आवाज निघतो. मुलीने थोडा विचार केला. मग तुम्ही ओळखा, ती म्हणाली, आणि त्यांनी होकारार्थी मान हलवली की तो शब्द पक्का धरा. ताईला ते पटलं. बुडत्याला तेवढंही पुरतं.

संध्याकाळी तिने माइक लावला आणि अण्णांसमोर बसली. अण्णांनी तिच्याकडे बघून तेच आवाज काढले, कालपासून चाललेले.

“पाणी हवंय?”

अण्णांनी मान हलवली. तिने त्या आवाजापुढे ‘पाणी’ असं लिहिलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा तिला जरा बरं वाटलं. अण्णांनी पुन्हा तेच आवाज काढले. खात्री करून घ्यावी म्हणून तिने विचारलं, खिडकी लावू का. मान हलली. अंग दुखतंय का. हलली.

“धाकट्याचं काही सांगताय?”

तेव्हाही हलली, तितकीच, तशीच. ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते. लहानपणी पाढे म्हणताना ती चुकली की ते असेच मान हलवायचे, चालू दे, पुढे म्हण, म्हणून.

ताईने माइक बंद केला आणि लिहिलेलं ‘पाणी’ खोडून टाकलं.

“मीच पुसलं, अण्णा,” ती म्हणाली. “माझ्याच हाताने गेलं सगळं.”

याला मात्र अण्णांनी मान हलवली नाही. तो आवाजही त्यांनी पुन्हा काढला नाही, तेव्हा नाही आणि नंतरही कधी नाही.

ताई उठून आत गेली. पाण्याला त्यांनी हो म्हटलं होतं, म्हणून तिने पेला भरून आणला आणि त्यांच्या ओठांना लावला. अण्णा सावकाश, घोट घोट करत, सगळं पाणी प्यायले. रिकामा पेला टेकवायला ती टेबलाकडे वळली. काकूंनी दुपारी पाजायला आणलेला, अण्णांनी तोंड फिरवून नाकारलेला पेला तिथे काठोकाठ भरलेला होता.