मागच्या दिव्याचा मुकुट

मी मुकुट आहे, आणि जे बोलणार आहे ते जरा तोऱ्यातच बोलणार आहे. तुम्ही मला पाहिलेलं आहे. सुट्ट्या लागल्या, बाहेर गारठा पडला, की घरोघरी टीव्हीवर ते सिनेमे लागतात ना, साध्या मुलीचे आणि राजपुत्राचे? त्यात शेवटी नायिकेच्या डोक्यावर जो चढतो, तो मी. त्या वेळी तुम्ही डोळे पुसत असता, म्हणून माझ्याकडे नीट पाहिलं नसेल. बरंच झालं. नीट पाहण्यासारखं माझ्यात काही नाही.

नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत. सोनं माझ्या अंगाला कधी लागलं नाही. मला घडवलं एका पत्र्याचं काम करणाऱ्याने. नरसाळी, केकचे साचे, टाक्यांची झाकणं हा त्याचा धंदा. त्याने पितळेचा पत्रा कापून माझी टोकं काढली, वर सोनेरी रंग मारला आणि काचेचे खडे चिकटवले. पुढे मधोमध एक मोठं माणिक हवं होतं. ते त्याने भंगारात पडलेल्या एका गाडीच्या मागच्या तांबड्या दिव्यातून कापून काढलं. राजघराण्याचं पिढीजात माणिक म्हणून तुम्ही जे पाहता, ते हे. डोक्याचं माप त्याला कुणी दिलंच नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या डोक्याचं घेतलं, आणि तो माणूस होता चांगला थोराड डोक्याचा. तेव्हापासून मी एकाही नायिकेला नीट बसलेलो नाही.

म्हणून कपडेपटातल्या मावशी दर सिनेमाला माझ्या आतून फोमच्या पट्ट्या लावायच्या. कपडे, झगे, जोडे, मुकुट हे सगळं सांभाळायचं काम मावशींचं. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय, त्यामुळे त्या रागावल्या तरी पुटपुटल्यासारख्या वाटत.

आता सिनेमांविषयी. एक सांगितला की सगळे सांगून झाले. मुलगी पाव भाजत असते, नाहीतर पुस्तकांचं दुकान चालवत असते, आणि ते दुकान बुडायला आलेलं असतं. राजपुत्र वेश पालटून येतो आणि तिच्या अंगावर कॉफी सांडतो. आजवर इतकी कॉफी सांडलेली मी पाहिली आहे, की त्या घराण्यात कप सरळ धरायला कुणी शिकवतच नसावं. राजा खोकत असतो. राणीआई नाक मुरडत असते. मग मुलगी राजवाड्याच्या स्वयंपाकघरात घुसून सूप करते, राजाचा खोकला थांबतो, राणीआईचं नाक सरळ होतं, बर्फ पडायला लागतो आणि मी डोक्यावर चढतो. राज्य कशावर चालतं, प्रजा काय खाते, हे कुणी विचारत नाही. राजपुत्राला काम काय, तर खिडकीशी उभं राहून लांब बघणं.

आणि तो बर्फ तरी कसला? हे सिनेमे करतात भर उन्हाळ्यात. कागदाचा कीस आणि साबणाचा फेस वरून सोडतात. लोकरीच्या कोटात सगळे घामाने निथळत असतात आणि ‘काय गारठा आहे’ म्हणत एकमेकांना बिलगतात. राजपुत्र घोड्यावरून येतो तेव्हा तो फळीवर बसलेला असतो, आणि दोन दणकट माणसं ती फळी खालून हलवत असतात. दुरून डोंगर साजरे म्हणतात. इथे डोंगरही प्लायवूडचे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि तो जेवून तुम्ही ढेकरही देता.

पण मला सांगायचं आहे ते एका मुलीबद्दल. ती पडद्यावर नसते.

नायिका सेटवर येते ती सगळं सज्ज झाल्यावर. त्याआधी तिच्या जागी तिच्याच उंचीची, तिच्याच रंगाची एक मुलगी बसवतात आणि तिच्यावर दिवे जुळवतात. सावली कुठे पडते, नाक कुठे चमकतं, हे तिच्या तोंडावर बघून ठरतं. उजेड जमला की ती उठते आणि नायिका बसते. आमच्याकडे या मुलीला सगळे बदली म्हणत. नायिकेच्या डोक्यावर मी दोन-चार मिनिटांचा पाहुणा. तासन्‌तास बसायचो तो बदलीच्या डोक्यावर.

तेही उलटा. माझं माणिक दिव्यासमोर आलं की त्याची तिरीप थेट कॅमेरामनच्या डोळ्यात जाई आणि तो करवादे. खऱ्या चित्रणात माणकावर पावडर फासून चमक मारत, पण नुसत्या दिव्यांच्या जुळवणीसाठी एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून मावशी मला बदलीच्या डोक्यावर मागचं पुढे करून घालत. हाताला वळणच पडलं होतं त्यांच्या. नायिका आली की सरळ, बदली आली की उलटा.

बदली मावशींशी बोलायची, आणि मी ऐकायचो. घरी आई, भाऊ आणि वहिनी. मुलगी कमावती झाली तरी आई रोज सकाळी तिला समोर बसवून तिचे केस विंचरून देई. ही आई आमच्या सिनेमांची भक्त. माणूस चांगलं, आवड वाईट. दर सुट्टीत सिनेमा लागला की विचारायची, यात तू कुठे आहेस गं? आणि बदली म्हणायची, होते आई, पण कापलं. उजेडासाठी नुसती बसते, हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती.

वहिनीच्या मात्र लक्षात आलं होतं. तिने ओळखीच्या लाँड्रीत बदलीसाठी जागा बघून ठेवली. भाऊ म्हणाला, या वर्षी सिनेमात दिसलीस तर ठीक, नाहीतर हे सोड आणि लाँड्रीत जा. त्याचं काही चुकत होतं असं नाही. पण बदलीला हे काम सोडायचं नव्हतं. का, ते तिने एकदा मावशींना सांगितलं.

“दिवे जुळवताना सगळे गप्प होतात आणि माझ्याकडे बघतात, मावशी. घरी असं कोण बघतं?”

मावशींनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि मला तिच्या डोक्यावर जरा नीट बसवलं.

आमचा दिग्दर्शक मोठा दिलदार. शब्द द्यायला त्याला काही लागत नाही. त्याने बदलीला एक वाक्य देऊ केलं. दासी होऊन यायचं आणि म्हणायचं, ‘राणीसाहेब, गाडी दारात आली आहे.’ बदलीने ते वाक्य इतक्या वेळा घोकलं की माझ्या फोमच्या पट्ट्यांनाही ते पाठ झालं. तिने आईला सांगितलं. आईने शेजारच्या काकूंना सांगितलं. काकूंनी मग कुणाला सांगायचं ठेवलं नाही.

चित्रणाच्या दिवशी नायिका म्हणाली, ही माझ्यासारखीच दिसते, लोकांचा गोंधळ होईल. अहो, तुमच्यासारखी दिसते म्हणून तर तिला ठेवली आहे! पण मुकुटाचं कोण ऐकतो? वाक्य एका बुटक्या मुलीला गेलं. बदलीने अंगातला दासीचा पोशाख काढून घडी करून मावशींच्या हातात दिला.

त्याच दुपारी नायिकेचं भाषण होतं. मुकुटाने कुणी मोठं होत नाही, कामाने कुणी लहान होत नाही, असलं काहीतरी. दिग्दर्शकाचे डोळे भरून आले. कॅमेरामनने नाक ओढलं. बदली त्या वेळी प्लायवूडच्या भिंतीमागे एका खोक्यावर बसून पाव खात होती, कारण जेवायच्या टेबलावर नायिकेच्या माणसांची गर्दी होती. मी पितळेचा, मला लाज वाटायचं कारण नाही. पण वाटली.

वाक्य गेल्याचं घरी सांगायचं धाडस तिला झालं नाही.

शेवटी राज्याभिषेकाचा प्रसंग आला. त्यासाठी भाड्याने घेतलेला भला थोरला जिना संध्याकाळी रिकामा करून द्यायचा होता. पुढून घ्यायचं ते सगळं घेऊन झालं होतं. मुकुट घालून राणी जिना चढते, एवढंच मागून घ्यायचं राहिलं होतं, आणि नायिका कुठल्याशा साबणाच्या जाहिरातीसाठी निघून गेली होती. दिग्दर्शक म्हणाला, पाठमोरीच तर आहे, बदलीला चढवा.

पळापळ झाली. झगा चढला, अंबाडा बांधला, मावशी तोंडात टाचण्या घेऊन मला हातात धरून धावत आल्या. समोर बदलीचं डोकं दिसलं आणि हात आपोआप वळला. मी तिच्या डोक्यावर बसलो तो नेहमीसारखा, मागचं पुढे.

ती जिना चढायला लागली. नायिका मला घेऊन काचांवरून चालल्यासारख्या चालतात. ही भरलेली बादली घेऊन घरी जिना चढावा तशी चढली, ताठ, थेंबही न सांडता. माझ्या सगळ्या आयुष्यात मी एवढा स्थिर कधी बसलो नव्हतो. पडद्यावर येणार होती तिची पाठ आणि माझं तोंड. पावडरही फासलेली नव्हती. माणिक असं उजळलं म्हणता! शेवटी तो होता गाडीचा मागचा दिवा. मागेच शोभला.

घाईत कुणाच्या काही लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते संकलनाच्या खोलीत, जिना हातचा गेल्यावर. दिग्दर्शकाने मावशींना नाही नाही ते सुनावलं. मावशी म्हणाल्या, हाताची सवय, चूक माझी. आता हा तुकडा कापला तर राज्याभिषेकच उरत नव्हता, आणि ठेवला तर राणीचा मुकुट उलटा. बघतो, म्हणाला तो. ठेवणार की कापणार, हे सांगितलं नाही. राग निघाला तो माझ्यावर. हा डबा भंगारात टाका आणि नवा करून घ्या, म्हणाला. इतके सिनेमे डोक्यावर वाहिले त्याचं हे फळ.

मावशींनी मला भंगारात टाकलं नाही. कापडी पिशवीत घालून बदलीच्या हातात दिलं. तिच्या आईने मला पुसून फ्रिजवर ठेवलं. वहिनीने माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवायला सुरुवात केली. राजमुकुटाच्या पोटात चिमटे! पहिले काही दिवस मी फार फणफणलो.

मग सुट्ट्या आल्या आणि सिनेमा लागला. खोलीत आई, भाऊ, वहिनी, शेजारच्या काकू, आणि दाराशी टेकून बदली. कॉफी सांडली. राजा खोकला. काकूंनी पहिल्यापासूनच रुमाल काढून ठेवला होता. मग दासी आली. बुटकी. ‘राणीसाहेब, गाडी दारात आली आहे,’ म्हणाली आणि गेली.

आईने वळून बदलीकडे पाहिलं. बदली खाली बघत होती. काकूंनी उगाच घसा खाकरला. भाऊ हळूच म्हणाला, सोमवारी लाँड्रीत येतोस म्हणून सांगतो त्यांना. ‘येतेस’ म्हणायचं होतं त्याला. त्यालाही ते जड गेलं असावं.

सूप झालं, नाक सरळ झालं, बर्फ पडला. मी फ्रिजवरून बघत होतो. मी देवाधर्मातला नाही, पण त्या वेळी चिमट्यांसकट हात जोडले असते. आणि जिना आला. तुकडा ठेवला होता. सगळ्या पडद्यावर पाठमोरी ती, आणि तिच्या डोक्यावर मागच्या बाजूने लाल भडक मी.

“थांबा,” आई म्हणाली. “ही माझी मुलगी आहे.”

“आई, पाठ आहे ती,” वहिनी म्हणाली. “कुणाचीही असेल.”

“रोज विंचरते मी ते डोकं. मानेवरचा भोवरा बघ. कितीही चापून बसवले तरी तिथले केस डावीकडेच वळतात.”

वहिनीने पडद्याकडे पाहिलं, मग बदलीच्या मानेकडे. काकू रडायला लागल्या, पण त्या कशानेही रडतात.

खरं म्हणजे इथे बदलीला मिरवता आलं असतं. तिने मिरवलं नाही. ती आईजवळ येऊन बसली आणि सगळं सांगून टाकलं. वाक्य गेलं ते, दरवर्षी ‘कापलं’ म्हणत होते ते, आणि आपण फक्त दुसरीच्या जागी बसतो ते.

आईने विचारलं, “म्हणजे दिवे आधी तुझ्यावर लावतात?”

“हो. माझ्यावर जमले की मी उठते, मग ती बसते.”

आईने तिच्या मानेवरचे केस हाताने सारखे केले.

“म्हणजे ती बसते ती तुझ्या उजेडात,” ती म्हणाली.

इतके सिनेमे केले मी, त्यांतल्या एकाही लेखकाला असलं वाक्य सुचलं नाही. लाँड्रीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने केस विंचरले, आणि बदली कामावर निघाली तेव्हा वहिनीने तिच्या हातात डबा दिला. भिंतीमागे खोक्यावर बसून का होईना, आता ती पोटभर जेवते म्हणे.

मी इथेच आहे, फ्रिजवर, पोटात चिमटे घेऊन. एक टोक वाकलं आहे आणि सोनेरी रंग उडत चालला आहे. सेटवर नवा मुकुट आलाय म्हणतात, प्लास्टिकचा. त्याला माझ्या शुभेच्छा नाहीत.

त्या सिनेमांबद्दलचं माझं मत तेच आहे. भिकार आहेत ते. तुम्ही बघायचं सोडणार नाही, हेही मला ठाऊक आहे; पालथ्या घड्यावर पाणी. बघा बापडे. फक्त शेवटी कुणी पाठमोरी जिना चढायला लागली, तर घटकाभर डोळे पुसायचे थांबा आणि तिच्या मानेकडे बघा. तेवढी मान खरी असते. बाकी सगळं पितळ.