कुलूप बसवणारे काका

कुलूपवाल्याचं दुकान जेमतेम एक खाट मावेल एवढं. बायको गेल्यापासून तो दुपारचा डबाही तिथेच खायचा. घरी जाऊन बोलायचं कुणाशी? मुळात माणूस अबोल. यानं स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं आणि चावी हरवली, असं शेजारचा चष्मेवाला गिऱ्हाइकांना सांगे. ते ऐकून तोही हसल्यासारखं करी.

दोन वर्षांपूर्वी भागातल्या एका संस्थेच्या ताई दुकानात आल्या. मारहाणीला कंटाळून मुलांसकट घराबाहेर पडलेल्या बायकांना ही संस्था खोली शोधून द्यायची, मुलांच्या शाळेचं बघायची. बेकरीवाला त्यांना पाव पुरवत होता, गादीवाला गाद्या. ताईंना खोल्यांची कुलपं बदलून देणारा हवा होता, कारण जुन्या चाव्या कुणाकुणाकडे असतील याचा नेम नसतो. अटी साध्या होत्या: बाईची चौकशी करायची नाही, पत्ता कुणाला सांगायचा नाही, सगळ्या चाव्या तिच्याच हातात द्यायच्या. न बोलण्याचंच काम असेल तर माझ्याइतका लायक माणूस मिळायचा नाही, असं म्हणून तो लगेच तयार झाला. इतका लगेच का, हे त्यानं स्वतःलाही विचारलं नाही.

मग या वर्षी एका मंगळवारी दुपारी ताईंनी पत्ता दिला. तिसरा मजला, डावीकडचं दार. त्यानं बेल वाजवली. साखळीपुरतं दार उघडलं आणि फटीतून त्याची मुलगीच त्याच्याकडे बघत होती.

तीन वर्षांपूर्वी ती कडेवर पोर आणि हातात एक बॅग घेऊन त्याच्याकडे आली होती. भांड्याला भांडं लागतंच, असं म्हणून तिसऱ्या दिवशी त्यानं तिला परत बसमध्ये बसवून दिलं. त्यानंतर तिचे फोन कमी होत गेले आणि मग थांबलेच.

तिनं साखळी काढली. आत जमिनीवर एक गादी, दोन बादल्या, खिडकीत वाळत घातलेला शाळेचा फ्रॉक. गादीवर बसून चित्र काढणाऱ्या नातीनं आईला हळूच विचारलं, हे कोण?

"संस्थेकडून आलेत," मुलगी म्हणाली. "कुलूप बसवणारे काका."

तो खाली बसला आणि पिशवीतून पटाशी काढली. जुन्या कुलपाची खाच मोठी होती. तिच्यात लाकडाचा तुकडा ठोकून नवी खाच करावी लागली. अर्ध्या तासाच्या कामाला त्याला दीड तास लागला. एकदा पटाशी निसटून अंगठ्याला लागली. मुलीनं फडकं पुढे केलं.

"मला माहीत नव्हतं, इथे तू आहेस," तो शेवटी म्हणाला.

"मला माहीत होतं. ताईंनी दुकान कुठलं ते सांगितलं होतं."

"मग नको का नाही म्हणालीस?"

"काम चांगलं करता तुम्ही, बाबा."

त्यानं दोन स्क्रू पिळले. मग दाराकडेच बघत म्हणाला, "मी तुला परत पाठवायला नको होतं."

ती म्हणाली, "तीन दिवस होते मी घरी. काय झालं म्हणून तुम्ही एकदाही विचारलं नाहीत."

"आता विचारू?"

"आज नको."

त्यानं तिन्ही चाव्या तिला दिल्या. तिनं एकेक चावी आतून-बाहेरून फिरवून पाहिली. नात म्हणाली, थँक्यू काका. तो जिना उतरू लागला तेव्हा वर कुलूप दोनदा फिरल्याचा आवाज झाला. कुठेही अडकलं नाही.

पुढचे दोन महिने तो रोज ताईंच्या फोनची वाट बघत राहिला. फोन आला तो त्याच दाराचं कुलूप पुन्हा बदलायचं म्हणून. आधीच्या बाईला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, खोलीत आता दुसरं कुटुंब येतंय, असं ताई म्हणाल्या. ती बाई आपली मुलगी होती, हे त्यानं त्यांना तेव्हा पहिल्यांदा सांगितलं. पत्ता देता येणार नाही, पण चिठ्ठी दिलीत तर पोहोचवेन, असं त्या म्हणाल्या.

चिठ्ठी लिहायला तो काऊंटरवर कागद घेऊन बसला. संध्याकाळ झाली तरी एक ओळ जमेना. अखेर त्यानं दुकानाचा फोन नंबर लिहिला, जो तीस वर्षांत बदलला नव्हता आणि जो तिला लहानपणापासून पाठ होता.

अजून फोन आलेला नाही. बाहेरच्या कामाला निघताना तो चष्मेवाल्याला बजावून जातो: वाजला तर उचल, तासाभरात येतोच म्हणून सांग.