शिंपीणबाईंच्या दुकानापाशी सहा मिनिटं

ड्रायव्हरबाईंनी बसचा हँडब्रेक ओढला, दार उघडलं आणि आरशात पाहिलं. मागच्या सीटवर वेळापत्रकवाले साहेब मांडीवर वही उघडून बसले होते. नेमके आजच!

या मार्गाच्या दोन्ही टोकांना बायकांसाठी बाथरूम नव्हतं. पुरुषांचं काय, त्यांना भिंत पुरते. ड्रायव्हरबाईंच्या आधीची ड्रायव्हर दिवसभर पाण्याचा घोट न घेता गाडी चालवायची. शेवटी मूतखड्यामुळे तिने अंथरूण धरलं आणि नोकरी सुटली. म्हणून निम्म्या वाटेवरच्या शिंपीणबाईंनी दुकानामागचं बाथरूम वापरायला दिलं, तेव्हापासून ड्रायव्हरबाई रोज इथे उतरत. गाडी रोज सहा मिनिटं उशिरा पोचे, आणि डेपोत त्यांचं नावच 'उशीरबाई' पडलं होतं.

आज उतरावं तर नोकरीवर गदा. त्या दोन क्षण स्टिअरिंग धरून बसल्या, मग उतरल्याच. लागल्यावर साहेब काय आणि साहेबांचे तीर्थरूप काय!

परतून पायरी चढताना पाहतात तर साहेब पुढे येऊन गाडी का थांबलीय म्हणून विचारत होते, आणि सगळी गाडी तोंडाला कुलूप लावून बसली होती. अखेर पहिल्या सीटवरच्या आजी बोलल्या.

"इंजिन तापतं हो. जरा विसावा द्यावा लागतो."

"आजी, ही बॅटरीवरची गाडी आहे."

"मग बॅटरी तापत असेल. मला मेलीला काय कळतंय?"

साहेबांनी दुकानाकडे पाहिलं, ड्रायव्हरबाईंच्या ओल्या हातांकडे पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. नोकरी जाईलसं वाटतंय, असं बाईंनी त्या दिवशी नवऱ्यालाही सांगून टाकलं.

आठ दिवसांनी मेमो आला नाही, नवं वेळापत्रक आलं. दुकानासमोरच्या थांब्यापुढे छापलं होतं: सहा मिनिटं, चालकाच्या सोयीसाठी. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि बाहीने डोळे पुसले.

त्या दिवशी थांब्यावर त्यांनी मागे वळून सगळ्यांना ऐकवलं, की गाडी सहा मिनिटं थांबणार, आणि ही मिनिटं हक्काची आहेत, चोरीची नाहीत. मग न धावता, ऐटीत चालत गेल्या.

बाहेर येऊन पाहतात तर दाराशी रांग. पुढे आजी, मागे दवाखान्यातली नर्स, तिच्यामागे दिवस भरत आलेली एक शिक्षिका, आणखी पाच जणी. सगळ्या रोजच्याच.

"तुम्हालाही जायचं असायचं? इतके दिवस?"

"मग काय," नर्स म्हणाली. "पण आम्हीपण उतरलो असतो तर गाडी किती रखडली असती? तुमच्यावर आलं असतं."

आजी आत गेल्या, कडी लागली. चार मिनिटं उरली होती आणि बाहेर सात जणी.

ड्रायव्हरबाई गाडीत आल्या आणि त्यांनी वायरलेसवर कंट्रोलला कळवलं, की आज पंधरा मिनिटं उशीर होईल. पलीकडच्याने कारण विचारलं.

"बायका लघवीला गेल्यात," ड्रायव्हरबाई म्हणाल्या. "लिहून घ्या."