ठिणगी नाही

बाबांना दिसत नाही हे सगळ्यांना दिसत होतं, एक बाबा सोडून. डोळ्यांच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं की आता ऑपरेशनचाही उपयोग नाही, गाडी चालवणं बंद. बाबा म्हणाले, "त्याला डोळ्यांतलं कळतं. गाडीतलं काय कळतंय?" आणि त्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या शिंप्याचं फाटक आडवं केलं. शिंपी भला माणूस, हसून सोडून दिलं त्याने. पण फाटकाच्या आत त्याची नात खेळत होती आणि ती हातभर अंतराने वाचली, हे फक्त बाबांच्या लेकीने पाहिलं.

तिने समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. पालथ्या घड्यावर पाणी! किल्ली लपवण्यात अर्थ नव्हता. बाबांचा उभा जन्म गाड्यांचं वायरिंग करण्यात गेलेला, त्यांनी दोन तारा जोडून गाडी सुरू केली असती. गाडीही तशीच, बाबांच्या तरुणपणातली, गोल दिव्यांची, जाड पत्र्याची. तिला ते बाईसाहेब म्हणत. आई हयात असताना यावरून घरात बरीच आदळआपट होई.

शेवटी एका दुपारी बाबा झोपलेले पाहून लेकीने बॉनेट उघडलं. लहानपणापासून बाबांच्या कामात टॉर्च धरून उभी राहिलेली पोर ती, तिला काय कुठे असतं ते पाठ होतं. डिस्ट्रिब्युटरची काळी टोपी काढली की आत अंगठ्याएवढा रोटर असतो. इंजिनाच्या प्रत्येक प्लगला पाळीपाळीने ठिणगी वाटायचं काम त्याचं. तो तिने काढला आणि बाबांच्या जुन्या सामानाच्या डब्यातला दुसरा बसवला. तो आतून तडकलेला होता. "वरून बघ कसा साळसूद," असं बाबांनीच तिला एकदा दाखवलं होतं. असल्या रोटरमधून ठिणगी मधल्यामधे गळून जाते, प्लगपर्यंत पोहोचतच नाही.

तिचा हिशेब सरळ होता. बाबा थोडे दिवस खटपट करतील, कंटाळतील, मग बाईसाहेब अंगणात शोभेला राहतील. सख्ख्या बापाला इतकं कमी ओळखावं पोरीने!

बाबा कंटाळले नाहीत. सकाळी चहा झाला की बॉनेट उघडायचं, ते ऊन डोक्यावर येईपर्यंत. बॅटरी चांगली निघाली. डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट घासले, ज्यांच्या उघडझापीने ठिणगी पडते. कॉइल बदलली, प्लग बदलले, वायरी बदलल्या. बाईसाहेब नुसत्या घरघरायच्या, पेटायच्या नाहीत. मग बाबा रोटरवर आले. कॉइलची जाड वायर त्यांनी रोटरच्या पितळी पट्टीवर बोटभर उंच धरली आणि लेकीला हाक मारली.

"जरा ये गं. मी पॉइंट उघडतो, तू इथं बघ. वायरीतून खाली ठिणगी उडाली, तर ती आतून गळतेय, रोटर गेला; नाही उडाली, तर चांगला. उन्हाचं मला नीट दिसत नाही."

दिसत नाही हे बाबांनी पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं. दोष उन्हाला दिला, पण म्हटलं. त्यांनी पॉइंट उघडला. टक् करून बारीक निळी ठिणगी पट्टीवर पडली. आवाज व्हायला आणि शिंप्याचं मशीन सुरू व्हायला एकच गाठ पडली, बाबांना तो टक् ऐकूच गेला नाही.

"उडाली?"

तिला ती खेळणारी पोर आठवली.

"नाही, बाबा."

"नक्की?"

"ठिणगी नाही."

"मग रोटर चांगला आहे," बाबा म्हणाले आणि टोपी लावून टाकली.

त्यानंतर बाबा खचत गेले. कोणाकोणाच्या गाड्या नुसत्या कानाने ओळखणारा माणूस, आणि घरच्या गाडीपुढे हात टेकले. एकदा एक टॅक्सीवाला हॉर्न दाखवायला आला, तर त्याला म्हणाले, "दुसरीकडे ने रे बाबा. माझं आता काही खरं नाही." मग त्यांनी बॉनेट उघडणंच सोडलं. दिवसभर खुर्चीत बसून स्वतःचे हात उलटेपालटे करून बघत. लेकीला ते पाहवेना. तिला स्वतःची शरम वाटत होती. यापेक्षा भांडण बरं, रोज उठून भांडू, असं मनाशी म्हणत तिने चांगला रोटर परत बसवला.

"बाबा, आज एकदा किल्ली फिरवून बघा ना."

बरीच मनधरणी केल्यावर ते उठले. बाईसाहेब पहिल्याच फटक्यात सुरू झाल्या. लेक बाबांच्या तोंडाकडे बघत राहिली. बाबांनी इंजिन बंद केलं.

"मी तर काहीच केलं नाही," ते म्हणाले. "फॉल्ट सापडल्याशिवाय गेला, तर तो गेलेला नसतो, पोरी. माझ्या हाताखालून गेला आणि मला कळला नाही."

मग तिला राहवेना. तिने सगळं सांगितलं. डॉक्टर, फाटक, शिंप्याची नात, डबा, ती निळी ठिणगी. पुरावा म्हणून तडकलेला रोटर त्यांच्या तळहातावर ठेवला आणि रडू लागली.

बाबांनी रोटरच्या आतल्या बाजूने नख फिरवलं. तड त्यांना लगेच लागली.

"माझ्याच डब्यातला आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "मीच बसवला असेल कधीतरी. मीच काढला असेल. आठवत नाही."

"बाबा, मी बसवला! मी खोटं बोलले!"

"उगी. बापाचं मन राखायला किती बोलशील?" त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "तुला मी बघायला सांगितलं, आणि तू मला खोटं सांगशील? एवढं न कळायला मी अजून पुरता वेडा झालो नाही."

तिने पुन्हापुन्हा सांगितलं. जितकं सांगावं, तितकं ते तिलाच समजावत राहिले.

जेवण झाल्यावर बाबा ओट्यापाशी येऊन उभे राहिले. "मी रक्तदाबाची गोळी घेतली का गं आत्ता?"

गोळी त्यांनी तिच्यासमोर घेतली होती, पेला अजून ओला होता. आजवर हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

"घेतलीत, बाबा."

"बरं," बाबा म्हणाले. "तू म्हणतेस, तर घेतली असेल."