बियाण्याचं गाडगं

मित्रांनो, मी भाजे गावातलं एक जुनं गाडगं आहे. पाण्याचं नव्हे, दह्याचंही नव्हे, बियाण्याचं. कुंभाराने मला घडवलं, भाजलं, टिचकी मारून माझा आवाज ऐकला आणि पास केलं. चिमाबाईच्या सासूने मला चुलीमागच्या कोनाड्यात बसवलं.

माझं काम सोपं होतं. भात कापलं की त्याच ओलीवर इथे पावटा पेरतात. तो निघाला की टपोरे दाणे राखेत घोळून माझ्या पोटात घालायचे, तोंडाला फडकं बांधायचं, वरून शेणमातीने लिंपायचं. पुढच्या पेरणीपर्यंत ते तोंड उघडायचं नाही, घरी कितीही मोठा पाहुणा येवो. आणि पेरणीला शेजारीण ओंजळ पुढे करून आली, तर तिला रिकामी पाठवायची नाही. एका घरचं बी किडलं, तरी दुसऱ्या घरी ते सापडायचंच.

मग धबधबा बघायला माणसं लोटू लागली. चिमाबाईचा मुलगा प्रज्ञेश मळवलीला एका बंगल्याची राखण करतो. तिथल्या पाहुण्यांसाठी चिमाबाई पावट्याची आमटी आणि तांदळाची भाकरी करू लागली. आमटीचं नाव झालं. चिमाबाई येताजाता पदर जरा जास्तच सावरू लागली.

त्या वर्षी बहुतेक घरचं बी किडलं. पेरणीला शेजारची सरूबाई ओंजळ घेऊन आली.

"औंदा बी न्हाई," चिमाबाई म्हणाली.

"गाडगं तर तोंडापातूर भरलंय की."

"तुझ्या पोराची टपरी हाय न्हवं लोहगडवाडीला? तितंबी ह्योच पावटा शिजला, तर माझ्याकडं कोन येईल?"

"व्हय, त्येबी खरंच," म्हणत सरूबाईने रिकामे हात पदराला पुसले. इतर बायकाही अशाच परतल्या आणि दुकानातलं पाकीट घेऊन आल्या. आमचा पावटा साऱ्या गावात एकट्या माझ्या पोटात उरला.

गेल्या पावसाळ्यात बंगल्याच्या मालकीण चैताली मॅडमनी तिथे हरवलेल्या चवींचा उत्सव भरवला. पहिल्याच दिवशी घरातला खायचा पावटा संपला. मॅडम स्वतः चिखल तुडवत घरी आल्या.

"मावशी, उद्याचे पाहुणे फक्त तुमच्या आमटीसाठी येतायत. ही चव जपायला हवी हो."

चिमाबाईची नजर कोनाड्याकडे वळली.

"आये, त्यो बियाचा हाय," प्रज्ञेश म्हणाला.

"मूठभर ठिवते की. मुठीचं पुन्यांदा गाडगं व्हतंय."

तिने माझं लिंपण फोडलं. राख धुतली गेली, दाणे भिजत पडले. मूठभर तिने खरंच ठेवले. पण पाहुण्यांच्या गडबडीत तोंड लिंपायचं राहिलं. नुसतं फडकं बांधलं. मावळातली पावसाळी हवा फडक्याला जुमानते होय? दिवाळीनंतर तिने मला उपडं केलं, तेव्हा पीठ पडलं आणि त्यातून भुंगे चालू लागले.

चिमाबाई सरूबाईच्या दारात गेली. मला काखेत घेऊनच गेली, म्हणून मी ऐकलं.

"सरू, ओंजळभर बी दे गं. जुनं."

सरूबाई चिडली नाही. "चिमाबाय, तू दिलं असतंस, तर माझ्याकडं असतं," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "बस, च्या घे."

चिमाबाई बसली नाही.

आता ती पाकिटातल्या पावट्याची आमटी करते. पाहुणे पूर्वीइतक्याच मिटक्या मारतात आणि चव जपल्याबद्दल तिची पाठ थोपटतात. कुणाला काही कळत नाही. चिमाबाईला कळतं; ती स्वतः मात्र चटणी-भाकरी खाते.

मला मॅडमनी मागून नेलं. पांढरी नक्षी काढून, प्लास्टिकची फुलं खोचून बंगल्याच्या फाटकाशी ठेवलं आहे. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. आयुष्यात कधी नव्हती एवढी माझी काळजी घेतली जाते.

मित्रांनो, माझी काळजी नका घेऊ. मी फुटलं, तर कुंभार दुसरं गाडगं करील. तुमच्या घरात एखादं जुनं बी असेल, तर ते एकट्या गाडग्यात ठेवू नका. दारात कुणी ओंजळ घेऊन आलं, तर आधी ती भरा. आमच्या पावट्याचं आता काही होण्यासारखं नाही.