आठ पावलं सरकलेली हद्द

मी हद्दीचा दगड. गेली सव्वाशे वर्षं लोक मला म्हसोबा म्हणतात, त्याला माझा इलाज नाही.

निमगाव सावाच्या बाजूला कांद्याच्या दोन शेतांमध्ये मी बसलोय. गोऱ्या साहेबाची मोजणी आली, तेव्हा मला खाणीतून इथे आणलं. गावच्या हद्दी महारांना तोंडपाठ असत. साहेबाने त्यांच्यातल्या जानकूला विचारलं, त्याने जागा दाखवली आणि स्वतःच्या हातांनी मला रोवलं. एका अंगाला जानकूचं वतनाचं शेत, दुसऱ्या अंगाला धोंडाबाईच्या घरचं.

मग दुष्काळ पडला. सरकारने खडी फोडायचं काम काढलं. जानकू बायको साळुबाईला घेऊन पोटासाठी तिकडे गेला, तो सहा महिने आलाच नाही. त्याच्या कोपऱ्यात पाणी लागेल, हे धोंडाबाईच्या नवऱ्याने केव्हाच हेरलं होतं. भर दुपारी त्याने पहार घातली, मला उपटलं आणि जानकूच्या शेतात आठ पावलं आत नेऊन पुरलं. धोंडाबाईने वरून शेंदूर फासला.

जानकू परतला, मला बघून जागीच थांबला.

"बाई, ह्यो दगड म्या रोवलाय. हितं नव्हता त्यो."

"देव परगटलाय, जानकू. लांबूनच पाया पड."

"दगड हाय त्यो!"

"मग उचल की."

देवाला शिवायची त्याला बंदी. तो कचेरीत गेला. साहेबाने हुकूम लिहिला की दगड मूळ जागी न्यावा. हुकूम घेऊन शिपाई आला. त्याने शेंदूर पाहिला, वहाणा काढल्या, पाया पडला आणि परत गेला. पुढच्या वर्षी त्या आठ पावलांत धोंडाबाईच्या घरची विहीर झाली. पाणी लई लागलं.

यंदा जानकूचा पणतू चांगदेव याने मोजणी मागवली. विहीर डोळ्यांसमोर, आणि त्याचा कांदा पाण्यावाचून पिवळा पडत होता. मोजणीदाराने यंत्र लावलं, चुना टाकला. रेघ विहिरीच्या पलीकडून गेली. म्हणजे विहीर चांगदेवची.

धोंडाबाईचा पणतू धर्माजी विहिरीपाशी जाऊन उभा राहिला. त्याची बायको कुशाबाई माझ्यापुढे फतकल मारून बसली.

"दर आमोशाला नारळ फोडते मी हितं. देव हलवला तर कोप व्हईल!"

"काकू, मग देव तुमच्या घरी न्या की," चांगदेवची लेक स्नेहा म्हणाली. "आमाला नुसती विहीर ऱ्हाऊ द्या."

दोघंतिघं हसले. चांगदेवने पहार उचलली. मग जमलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि खाली ठेवली.

"म्या हात लावला तर उद्या गावात भलतंच पेटंल. धर्माजीभाऊ, तुमीच हलवा."

"बघू," धर्माजी म्हणाला.

त्याला पंधरा दिवस झाले. चुना वाऱ्याने पुसत चाललाय. विहिरीवरची मोटार अजून धर्माजीच्याच कांद्याला पाणी देते.

कुशाबाई, माझ्याजवळ येऊन बसतेस ती तूच, म्हणून तुला सांगतो. माझ्याकडे कोप असता, तर त्या दुपारी पहार घालणाऱ्यावरच झाला नसता का? मला कोप येत नाही, प्रसन्न होताही येत नाही. रोवलेल्या जागी उभं राहायचं, एवढं एकच काम मला येत होतं. तेही तुमच्या घराने करू दिलं नाही.

धर्माजीला हाक मार. आणि एका बाजूने तूही धर. मी जड आहे.